आई, बाबा आणि मावशी लंडनला निघालेत: कार्ड, कॅश आणि तिकिटांचं काय करायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की आंब्याचा सीझन आटोपला की जूनमध्ये लांज्याहून आई, बाबा आणि मावशी असे तिघं निघणार, दोन दिवस दुबई, मग बहिणीकडे लंडनला आठवडाभर आणि तिथून तीन दिवस पॅरिस, तुम्ही बरोबर नाही. कॅश किती द्यायची, फॉरेक्स कार्ड काढायचं की तुमचं क्रेडिट कार्डच बाबांकडे देऊन टाकायचं, लंडनचा पास इथूनच घ्यायचा का, आणि बाबा विचारतायत की जीपे तिकडे चालेल ना.

मी आधी सात वर्षं रत्नागिरीत एका मनी चेंजरच्या काउंटरला होते आणि गेली सोळा वर्षं इथल्याच लोकांचे छोटे ग्रुप घेऊन बाहेर जाते. बागायतदार, निवृत्त शिक्षक, मुंबईला किंवा परदेशात मुलं असलेले आईवडील, म्हणजे अगदी तुमच्या घरच्यासारखीच माणसं. त्यांच्याबरोबर फिरताना जे बघितलंय तेच सांगते.

आधी एक गोष्ट. तुमचं कार्ड बाबांकडे देऊ नका. तुमच्या नावाचं कार्ड दुसऱ्याने वापरायचं नसतं हा नियम तर आहेच, पण त्याहून मोठी अडचण म्हणजे ओटीपी येणार तुमच्या मोबाईलवर लांज्याला, बँकेला संशय आला तर फोन येणार तुम्हाला, आणि बाबा तिकडे काउंटरवर उभे. द्यायचंच असेल तर त्याच खात्यावर बाबांच्या नावाचं ॲड-ऑन कार्ड काढा, पंधरा-वीस दिवस आधी अर्ज केला की येतं.

आता मुख्य मुद्दा, आणि यावर मी प्रत्येक घरात वाद घालते. आपल्याकडे पद्धत अशी की सगळे पैसे, सगळी कार्डं, तिघांचे पासपोर्ट सुद्धा एकाच्या कमरेच्या पाउचमध्ये. घरातला कर्ता माणूस पुढे, बाकीचे मागे. गावात जत्रेला जाताना चालतं हे. परदेशात चालत नाही, आणि चोरीच्या भीतीने नाही म्हणत मी, तिकडची सिस्टीमच तशी आहे म्हणून म्हणते.

2016 ची गोष्ट. गुहागरचे एक काका-काकू होते ग्रुपमध्ये. लंडनला पहिलाच दिवस, ट्यूबचं म्हणजे तिथल्या मेट्रोचं स्टेशन, ऑफिस सुटायची वेळ. काकांनी पिवळ्या गोल रीडरवर कार्ड टेकवलं, गेटच्या दोन फळ्या उघडल्या, काका पलीकडे. मग त्यांनी मागे वळून तेच कार्ड गेटवरून काकूंच्या हातात दिलं. काकूंनी टेकवलं. लाल दिवा. परत टेकवलं, परत लाल. मागे माणसांची रांग, कोणी ओरडलं नाही पण सगळे बाजूच्या गेटला सरकायला लागले, आणि काकू एका हातात कार्ड आणि एका हातात शाल धरून तशाच उभ्या. मी मागून पोचले, तिथल्या स्टाफने बाजूचं रुंद गेट उघडून दिलं, दोन मिनिटांत सगळं मिटलं. पण रात्री हॉटेलवर काकू मला म्हणाल्या, गो, मी तिथे उभी होते ना तेव्हा एकच विचार आला, हे गर्दीत पुढे गेले तर माझ्याकडे आहे काय, पासपोर्टसुद्धा ह्यांच्याकडे. मला ते फार लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंसाठी वेगळं ऑयस्टर कार्ड, म्हणजे लंडनच्या बस-ट्यूबसाठी पैसे भरून वापरायचं कार्ड, घेतलं, आणि तेव्हापासून माझा नियम ठरला की माझ्याबरोबर येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या हातात स्वतःचं, स्वतःच्या नावाचं, स्वतःला पिन माहीत असलेलं कार्ड पाहिजे. नवरा-बायको असले तरी.

तर तुमच्याकडे तिघांची तीन कार्डं पाहिजेत. मी सुचवेन की तिघांचीही फॉरेक्स कार्डं काढा. फॉरेक्स कार्ड म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचं कार्ड, पौंड, युरो, दिरहॅम असे वेगवेगळे कप्पे असतात, भरलं त्या दिवशीचा रेट पक्का होतो आणि हरवलं तर त्यात होतं तेवढ्यापुरतंच नुकसान, घरचं बँक खातं सुरक्षित राहतं. आंब्याचे पैसे जमा झालेल्या खात्याचं डेबिट कार्ड गर्दीत घेऊन फिरण्यापेक्षा हे कधीही बरं. काढायला पासपोर्ट, पॅन, व्हिसा, तिकीट आणि एक ए-टू नावाचा फॉर्म लागतो. घेताना दोन गोष्टी मुद्दाम विचारा: कार्डावर टेकवून पैसे जातात ती वाय-फायसारखी खूण आहे का, आणि पाकिटात बदली कार्ड मिळतं का. बऱ्याच बँका एक स्पेअर कार्ड देतात, ते लंडनला बहिणीकडे ठेवायचं.

क्रेडिट कार्डाचा हिशोब वेगळा. आपल्याकडच्या साध्या क्रेडिट कार्डावर परदेशात खर्च केला की साधारण 3.5 टक्के मार्कअप, म्हणजे रेटच्या वर बँकेची फी, लागतो आणि त्या मार्कअपवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे एकूण 4.13 टक्के. दोन लाख खर्च केले तर 8,260 रुपये नुसते वर गेले, सीझनच्या शेवटाला दोन-तीन पेट्या जातील एवढे. मार्कअप नसलेली कार्डं मिळतात आता, तुमच्याकडे तसलं असेल तर त्याचंच ॲड-ऑन काढा, मग फॉरेक्समध्ये थोडे कमी भरले तरी चालेल. पण साधं असेल तर ते अडीअडचणीला, आणि एका खास कामाला: हॉटेलचं डिपॉझिट. हॉटेलवाले चेक-इनला काही रक्कम अडवून ठेवतात, फॉरेक्स कार्डावर अडवली तर ते तुमचे भरलेले पैसेच अडकतात आणि सुटायला कधी कधी आठ-दहा दिवस जातात, तोपर्यंत माणूस लांज्याला परत येतो. क्रेडिट कार्डावर अडवली तर लिमिट अडकतं फक्त. त्या क्रेडिट कार्डाने एटीएममधून पैसे मात्र काढायचे नाहीत, पहिल्या दिवसापासून व्याज चालू होतं, वर फी वेगळी.

बाबांचं जे बँकेचं रुपे कार्ड आहे ते घरीच ठेवा. रुपे ग्लोबल म्हणून प्रकार आहे, काही देशांत चालतो, पण लंडनच्या गेटवर व्हिसा, मास्टरकार्ड, ॲमेक्स यांचंच काम. जीपेचं उत्तरही तसंच. यूपीआय भूतान, नेपाळ, श्रीलंका, मॉरिशस, सिंगापूर, यूएई, फ्रान्स इथे पोचलंय हे खरं, पण पोचलंय म्हणजे काही ठरावीक मशिनवर, काही ठरावीक दुकानांत. पॅरिसला 2024 मध्ये सुरुवात झाली ती आयफेल टॉवरच्या तिकिटापासून. तेव्हा बाबांना सांगा, चाललं तर आनंद आहे, पण त्याच्या भरवशावर चहासुद्धा मागवायचा नाही.

आता सेटिंग. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त राहून जाणारं काम. 1 ऑक्टोबर 2020 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवीन कार्डं फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानांपुरतीच चालू असतात, परदेशातला वापर, ऑनलाइन वापर, टेकवून पैसे देणं हे सगळं आपण स्वतः चालू करायचं. आणि बटणं वेगवेगळी असतात. परदेशात दुकान वेगळं, परदेशात एटीएम वेगळं, परदेशात टॅप वेगळं. माझ्या एका ग्रुपमधल्या बाईंना त्यांच्या शाखेत सांगितलं होतं की इंटरनॅशनल चालू केलंय, निर्धास्त जा. केलं होतं फक्त दुकानाचं. टॅप बंद. दुकानात कार्ड घालून पिन टाकला की चालायचं आणि स्टेशनच्या गेटवर लाल, बिचाऱ्या चार दिवस म्हणत होत्या माझंच काहीतरी चुकतंय. त्यांचं काहीच चुकत नव्हतं. म्हणून शाखेत नुसतं विचारून येऊ नका, ॲप उघडून एकेक बटण स्वतःच्या डोळ्यांनी बघा, आणि रोजची मर्यादा किती ठेवलीय तेही बघा.

मग घरी प्रॅक्टिस. ॲड-ऑन क्रेडिट कार्ड घेऊन आईला आणि बाबांना लांज्यातल्या मेडिकलमध्ये किंवा रत्नागिरीला मोठ्या दुकानात न्या, 5,000 पर्यंत आपल्याकडे पिनशिवाय टॅप होतं, त्यांच्या हाताने करू द्या. मग एकदा कार्ड आत घालून पिन टाकून. तिकडेही रक्कम मोठी झाली की पिन मागतात, युरोपात बऱ्याच देशांत 50 युरोच्या वर, आणि सतत टॅप करत गेलं तर मध्येच एकदा लहान रकमेलाही मागतात, तेव्हा गडबडायचं नाही. तीनदा पिन चुकला की कार्ड ब्लॉक. फॉरेक्स कार्डाची प्रॅक्टिस मात्र इथे होणार नाही कारण ते भारतात चालतच नाही, म्हणून मी माझ्या लोकांना परदेशातल्या पहिल्या विमानतळावरच एकेक पाण्याची बाटली विकत घ्यायला लावते. प्रत्येकाने आपापली. दुबईला उतरल्यावर तिघांनी हेच करायचं, चाललं नाही तर तिथल्या तिथे तुम्हाला फोन, तुम्ही ॲपमध्ये बघाल. लंडनच्या गेटवर कळण्यापेक्षा बरं.

आता तो छोटा स्क्रीन. सोळा वर्षांत माझ्या लोकांचे सगळ्यात जास्त पैसे गेलेत ते खिसेकापूंमुळे नाही, त्या स्क्रीनमुळे. झालं असं की जेवून झालं, वेटर मशीन घेऊन आला, कार्ड लावलं, आणि मशीन विचारतं पैसे कशात घेऊ? वर पौंडाचा आकडा, खाली रुपयांचा. आपला माणूस रुपये बघून खूश होतो, कळतंय तरी किती गेले ते, आणि रुपयांवर बोट ठेवतो. तिथेच गेले. रुपये निवडले की रेट लावते ती मशीनवाल्याची कंपनी, आणि त्या रेटमध्ये चार-पाच टक्के, कधी त्याच्याही वर घातलेले असतात. त्याउपर आपल्या बऱ्याच बँका अशा व्यवहारावर आपलीही फी लावतात. फॉरेक्स कार्ड असेल तर अजून वाईट, कार्डात पौंड भरलेत, मशीन मागतंय रुपये, म्हणजे पौंडाचे रुपये आणि परत रुपयांचे पौंड असा उलटसुलट फेरा होऊन दोन्हीकडून कापलं जातं. म्हणून ज्या देशात पाय आहे त्याच देशाचा पैसा निवडायचा. लंडनला पौंड, पॅरिसला युरो, दुबईला दिरहॅम. रुपये कधीच नाही.

एटीएमवर हेच जरा फसवं दिसतं. तिथे लिहिलेलं असतं कन्व्हर्जन स्वीकारा किंवा नाकारा. नाकारा म्हटलं की पैसेच मिळणार नाहीत असं वाटतं, मोठ्या माणसांना तर हमखास वाटतं. नाकारा म्हणजे फक्त तुमचा रेट नको, पैसे द्या. दाबायचं बिनधास्त. इंग्रजी वाचायला मावशींना जड जात असेल तर एका कागदावर ते डिक्लाइन आणि ॲक्सेप्ट हे दोन शब्द इंग्रजीत मोठ्या अक्षरात लिहून त्यापुढे मराठीत काय दाबायचं ते लिहा आणि कार्डाच्या कव्हरमध्ये ठेवा. मी असे कागद करून लॅमिनेट करते, लोकांना त्याचा इतका आधार वाटतो. आणि वेटरने स्वतःच बटण दाबून टाकलं आणि पावतीवर रुपये आले, तर सही करायच्या किंवा पिन टाकायच्या आधी नम्रपणे सांगायचं, नो, पौंड्स प्लीज. ते रद्द करून परत करतात, त्यात भांडण नसतं.

कॅश किती? तिघांत मिळून साधारण 300 पौंड, 250 युरो आणि 300 दिरहॅम. एवढं पुरतं. नियमाने एका माणसाला एका प्रवासात बहुतेक देशांसाठी 3,000 डॉलरपर्यंतच्या परकीय नोटा नेता येतात, म्हणजे मुभा भरपूर आहे, पण नेता येतात म्हणून न्यायच्या नाहीत. लंडनला तर अशी दुकानं वाढलीत जिथे नोट घेतच नाहीत. कॅश लागते ती पॅरिसला स्वच्छतागृहाला, छोट्या बेकरीत, बाजारात. म्हणून युरोत सुट्टे ठेवा, 5 आणि 10 च्या नोटा मागून घ्या, 100 ची नोट घेऊन काय करणार, आपल्या एसटीत पाचशेची नोट काढल्यावर कंडक्टरचा चेहरा होतो तसाच तिकडचा बेकरीवाला बघतो.

नोटा विमानतळावर घेऊ नका. आधी चार-पाच दिवस रत्नागिरीत किंवा कोल्हापूरला सांगून ठेवा, पौंड सगळीकडे रोज नसतात. आणि कमिशन किती असं विचारायचं नाही, शून्य कमिशन म्हणतात आणि रेटमध्ये घालतात. मी काउंटरला बसलेय म्हणून सांगते, प्रश्न एकच विचारायचा: मी एक लाख रुपये दिले तर सगळं धरून माझ्या हातात किती पौंड येणार? हाच प्रश्न तीन ठिकाणी विचारा, फरक कळेल. जीएसटी त्यात फार नसतो, एक लाखाला 180 रुपये, त्यामुळे जीएसटीमुळे महाग पडतंय असं कोणी सांगितलं तर पटवून घेऊ नका. रोख रुपये देऊन घ्यायचं असेल तर 50,000 च्या आतच, वरचं खात्यातून.

आणि हो, घरातली जुनी पौंडं. आपल्याकडे प्रत्येक वाडीत कोणी ना कोणी बोटीवर होतं, काकांनी कधीतरी दिलेल्या नोटा देवघरात किंवा कपाटात असतात, आणि निघताना प्रेमाने हातात ठेवतात. इंग्लंडच्या कागदी नोटा आता दुकानात चालत नाहीत, 20 आणि 50 च्या शेवटच्या कागदी नोटा 30 सप्टेंबर 2022 ला बंद झाल्या, आता सगळ्या प्लॅस्टिकसारख्या पॉलिमरच्या. एक पौंडाचं जुनं गोल नाणं 2017 च्या ऑक्टोबरातच गेलं, नवं बारा कोनांचं आहे. पण फेकू नका, नोटा बँक ऑफ इंग्लंड कधीही बदलून देते, बहिणीला तिथून बँकेला पोस्टाने पाठवून बदलून घेता येतील. फक्त त्या नोटांच्या हिशोबावर खर्चाचं गणित बसवू नका.

आता तिकिटं. लंडनचा पास इथून घ्यायची गरज नाही. व्हिजिटर ऑयस्टर म्हणून कार्ड पोस्टाने मागवता येतं, पण कार्डाचीच किंमत जाते, ती परत मिळत नाही, आणि भाडं तर टॅप केलेल्या बँक कार्डालाही तेवढंच लागतं. ट्यूबवर सप्टेंबर 2014 पासून बँकेचं कार्ड थेट टेकवता येतं. दिवसभर कितीही फिरा, एका रकमेच्या पुढे पैसे कापतच नाहीत, आणि सोमवार ते रविवार अशीही एक आठवड्याची कमाल रक्कम आहे, सिस्टीम आपोआप हिशोब करते. अट एकच, आठवडाभर तेच कार्ड. सकाळी फॉरेक्स आणि संध्याकाळी क्रेडिट असं केलं तर तिला ती दोन माणसं वाटतात आणि कमाल रकमेचा फायदा मिळत नाही. म्हणून तिघांच्या कार्डांवर तीन रंगांच्या टिकल्या चिकटवा. आईची लाल, मावशींची हिरवी. सगळी कार्डं दिसायला सारखी असतात आणि संध्याकाळी दमल्यावर हमखास अदलाबदल होते, चढताना आईचं आणि उतरताना मावशींचं टेकवलं की दोघींचे प्रवास अर्धवट राहतात आणि दोघींना जास्तीत जास्त भाडं लागतं.

ट्यूबला चढताना आणि उतरताना दोन्हीकडे टॅप. डीएलआर म्हणून जी गाडी आहे तिच्या बऱ्याच स्टेशनांवर गेटच नाहीत, नुसता खांबावर रीडर, तिथे बाहेर पडताना टॅप करायचं राहतं. बसला मात्र फक्त चढताना. बसमध्ये कॅश जुलै 2014 पासून घेतच नाहीत. मी शेवटची गेले तेव्हा बसचं भाडं 1.75 पौंड होतं आणि एका तासाच्या आत दुसरी बस पकडली तर तिचे पैसे नाहीत. तुमच्या तिघांना मी बसच सांगेन, वरच्या मजल्यावर पुढची सीट, आईला जिने उतरायला नकोत आणि लंडन दिसतं सगळं. विमानतळावरून बहिणीकडे येताना एक्सप्रेसच्या महाग गाडीत न बसता एलिझाबेथ लाइन किंवा त्याहून स्वस्त पिकॅडिली लाइन, दोन्हीकडे हेच टॅप चालतं.

बाबा विचारतील ज्येष्ठांना सवलत किती. आपल्याकडे एसटीला पंचाहत्तरीनंतर फुकट आणि बायकांना अर्धं तिकीट ही सवय झालीय, त्यामुळे प्रत्येक ग्रुपमध्ये हा प्रश्न येतो. लंडनचे साठीवरचे पास तिथे राहणाऱ्यांसाठी आहेत, पाहुण्यांना नाहीत. पूर्ण भाडंच धरून चाला.

एक अजून, लंडनचे पैसे गेटवर लगेच दिसत नाहीत. दिवसभराचं एकत्र करून नंतर कापतात, म्हणून दुसऱ्या दिवशी मेसेज येतो आणि बाबा म्हणतील आज तर आम्ही घरातच आहोत मग पैसे कोणी कापले. आधीच सांगून ठेवा, नाहीतर रात्री तुम्हाला फोन.

पॅरिस वेगळं. तिथल्या मेट्रोच्या गेटवर बँकेचं कार्ड टेकवून जाता येत नाही, नाविगो ईझी नावाचं कार्ड स्टेशनवर 2 युरोला घ्यायचं आणि त्यात तिकिटं भरायची. जानेवारी 2025 पासून भाडं सोपं केलंय, मेट्रो आणि शहराबाहेरच्या गाड्यांना अंतर न बघता एकच भाव, तेव्हा तो 2.50 युरो होता, बसचा वेगळा आणि कमी, आणि विमानतळाचं तिकीट वेगळं आणि बरंच महाग. कार्ड तिथेही प्रत्येकाचं स्वतःचं, एकावर तिघं जात नाहीत. बाहेर पडेपर्यंत जपून ठेवायचं, आतमध्ये तपासनीस उभे असतात आणि दंड जागेवरच घेतात. तीन दिवसांसाठी पर्यटकांचे महागडे पास विकतात, पण साठीतली माणसं दिवसाला दोन-तीन गाड्यांपेक्षा जास्त चढत नाहीत, तेव्हा सुटी तिकिटंच परवडतात. पासचं गणित नेहमी आपल्या गुडघ्यांवरून करायचं, जाहिरातीवरून नाही.

दुबईला दोनच दिवस आहेत तर तिघांना टॅक्सी बरी पडेल, टॅक्सीत कार्ड चालतं. मेट्रोत बसायची हौस असेल तर नोल कार्ड. सिल्व्हर नोल 25 दिरहॅमला मिळतं, त्यातले 19 वापरायला. डबे मात्र बघून चढा, गोल्ड क्लासच्या डब्यात साध्या कार्डाने किंवा बायकांच्या डब्यात बाबा चढले तर 100 दिरहॅम दंड, डब्यात खाल्लं-प्यायलं तरी 100. आईने बरोबर घेतलेले लाडू हॉटेलवरच खायचे.

ओटीपीचं थोडक्यात. बाबांचं भारतातलं सिम चालूच ठेवा, इंटरनॅशनल रोमिंग चालू करा, मेसेज येण्याचे पैसे सहसा लागत नाहीत, इंटरनेटसाठी तिकडचं वेगळं घ्या किंवा ई-सिम. ज्या नंबरवर बँकेचे मेसेज येतात तो नंबर तुमच्या मुंबईच्या भावाचा आहे असलं काही निघालं तर आत्ताच बदला. आणि बँकेचा परदेशातून लावायचा नंबर कागदावर लिहून तिघांच्या पर्समध्ये, फोनच हरवला तर फोनमधल्या नंबरचा उपयोग नाही. लंडनला रस्त्याच्या कडेला उभं राहून फोन हातात धरून नकाशा बघायचा नाही, सायकलवरून येऊन हिसकावून नेतात.

टीसीएस, म्हणजे परदेशासाठी पैसे घेताना आधीच कापला जाणारा कर, त्याबद्दल कोणीतरी घाबरवेल. फॉरेक्स कार्ड आणि नोटा मिळून एका माणसाच्या पॅनवर आर्थिक वर्षात 10 लाखांपर्यंत टीसीएस लागत नाही, 1 एप्रिल 2025 पासून ही मर्यादा आहे, त्याआधी 7 लाख होती. तिघांचे तीन पॅन, त्यामुळे तुम्हाला लागायचा प्रश्नच नाही. टूर कंपनीचं पॅकेज घेतलं असतं तर मात्र पहिल्या रुपयापासून लागतो, तोही रिटर्न भरताना वळता करून घेता येतो.

जाताना तिघांकडे थोडे रुपयेही ठेवा, दोन-तीन हजार प्रत्येकी, 25,000 पर्यंत नेता येतात. परतीचं विमान बहुतेक रात्री-अपरात्री मुंबईला उतरतं, तिथून पनवेलला गाडी पकडेपर्यंत चहा, हमाल, टॅक्सी सगळं आहे. आल्यावर उरलेली नाणी इथे कोणी घेत नाही, ती शेवटच्या दिवशी विमानतळावर चॉकलेटात संपवायची. उरलेल्या नोटा 2,000 डॉलरच्या किमतीपर्यंत घरी ठेवता येतात, पण पौंड पुढच्या वेळी कधी लागणार माहीत नसेल तर लगेच विकून टाका, आणि फॉरेक्स कार्डावर उरलेले पैसेही आठवणीने परत खात्यात घ्या, बऱ्याच कार्डांना न वापरल्याची फी लागत राहते.

आता लगेच करायचं एकच काम सांगते. मावशींचा पासपोर्ट आणि पॅन शेजारी शेजारी ठेवून नाव बघा. त्या वयाच्या बायकांचं पॅनवर माहेरचं आणि पासपोर्टवर सासरचं असं माझ्याकडे दर ग्रुपमध्ये एक तरी निघतं, मग फॉरेक्स कार्ड अडतं आणि घरातले म्हणतात राहू दे, बाबांच्याच कार्डावर भागवू. तसं भागवू नका. जूनला अजून वेळ आहे, पॅन दुरुस्तीचा अर्ज आजच टाका.